दोन स्वल्पविराम आणि थांबलेला कंटेनर

मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट. दुपारी दीडच्या सुमाराला डबा उघडला होता, कडक भाकरी मोडून शेंगाचटणीवर तेल घालत होते, तेवढ्यात डिस्पॅचचे मामा दारात.

"मॅडम, गाडी सकाळधरनं उभी हाय. भरायची का न्हाई ते सांगा की."

"भरा की. काल तर सांगितलं."

"मालक थांबवा म्हणायलेत. तिकडनं मेल आलाय म्हणं."

तिकडनं म्हणजे जर्मनीहून. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी एक्स्पोर्टची कागदपत्रं आणि पत्रव्यवहार बघते, त्याला आता २१ वर्षं झाली. शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी पाचवीपासून, बाकीचं सगळं पॅकिंग लिस्ट लिहिता लिहिता शिकलेलं. तरी 'मॅडमचं इंग्रजी एक नंबर' असं ऑफिसात म्हणतात आणि ते ऐकायला मला आवडतं, हे आधीच कबूल करते. म्हणून तो मेल उघडल्यावर भाकरी घशाखाली जाईना.

ऑर्डर १२,००० बाथ टॉवेलची होती. त्यातले ६४० नग दुसऱ्या डाइंग लॉटचे निघाले, आणि त्यांची शेड मंजूर सॅम्पलपेक्षा जराशी गडद आली. मालकांनी ठरवलं, लपवायचं नाही. ते ६४० वेगळ्या कार्टनमध्ये भरून, स्टिकर लावून, आधी कळवून पाठवायचे. कळवायचं काम माझं. मी लिहिलं, (इंग्रजी वाक्यं इथं देवनागरीतच लिहिते, आमच्या ऑफिसात तसंही निम्मं इंग्रजी देवनागरीतच चालतं):

"द टॉवेल्स, विच वेअर डाइड इन द सेकंड लॉट, आर स्लाइटली डार्कर दॅन द अप्रूव्हड सॅम्पल."

मला म्हणायचं होतं, दुसऱ्या लॉटमध्ये रंगवलेले जे टॉवेल आहेत तेवढे गडद आहेत. बायरच्या बाईंनी वाचलं, टॉवेल गडद आहेत. सगळे. आणि हो, ते दुसऱ्या लॉटमध्ये रंगवलेत, ही जाता जाता दिलेली माहिती. त्यांचं उत्तर चार ओळींचं आणि अतिशय सभ्य होतं: नवीन शेड मंजूर होईपर्यंत पूर्ण शिपमेंट थांबवा.

मी दहा वेळा माझं वाक्य वाचलं. चूक सापडेना. व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअर आहे कंपनीत, त्यात टाकलं; एकही लाल रेघ आली नाही. येणारच नव्हती. वाक्य शुद्धच होतं. त्या दोन स्वल्पविरामांसकट शुद्ध, त्यांच्याशिवायही शुद्ध. फक्त एका वाक्यात ६४० टॉवेल होते आणि दुसऱ्यात १२,०००. गोदामात किती नग आहेत हे सॉफ्टवेअरला कुठून कळणार?

शेवटी व्हिडिओ कॉल झाला, दोन्ही लॉटचे टॉवेल खिडकीपाशी उजेडात धरून दाखवले, तेव्हा बाईंच्या लक्षात आलं. तोवर न्हावा शेवा बंदराची कट-ऑफ, म्हणजे त्या जहाजासाठी कंटेनर पोचवायची शेवटची वेळ, निघून गेली होती. माल पुढच्या जहाजानं गेला. मालक मोठ्यानं बोलले नाहीत, पण त्यांनी मेलचा प्रिंट काढायला सांगितला, पेनानं त्या दोन शेपट्यांभोवती गोल केले आणि म्हणाले, "एवढ्याश्यासाठी?" तो कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

त्या रात्रीपासून मी या चिन्हाच्या मागे लागले.

आमचे शाळेतले इंग्रजीचे सर दर जानेवारीत चार हुतात्म्यांवर दहा ओळी लिहून घ्यायचे. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले आपले चौघं: मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. सर नावं सावकाश सांगत, प्रत्येक नावानंतर थांबत, आणि म्हणत, "श्वास घेतला की कॉमा." आम्ही घेतला, दिला. पुढची तीस वर्षं मी श्वासावरच स्वल्पविराम देत आले. यादीत तो नियम चालून जातो. पण "द गुड्स डिस्पॅच्ड बाय अस लास्ट वीक" एवढं म्हणताना दम लागतो म्हणून मी तिथं स्वल्पविराम देऊन पुढं "हॅव रीच्ड हॅम्बुर्ग" लिहायचे. कर्ता आणि क्रियापद यांच्या मधोमध एकुलता एक स्वल्पविराम. इंग्रजीत हे चालत नाही, कर्ता कितीही लांबलचक असला तरी. आमच्या फाइलींत अशी पत्रं गठ्ठ्यानं निघतील.

सरांना मात्र मी दोष देत नाही, कारण त्यांचा नियम त्यांच्या मनचा नव्हता. तो चांगला दोन हजार वर्षांहून जुना निघाला. ग्रीक लोक शब्दांत जागा न सोडता सलग लिहायचे. ख्रिस्तपूर्व २०० च्या आसपास अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता, बायझँटियमचा ॲरिस्टोफेनीस. मोठ्यानं वाचणाऱ्याला कुठं किती थांबायचं ते कळावं म्हणून त्यानं ओळीत वेगवेगळ्या उंचीवर ठिपके द्यायची पद्धत काढली. वाक्याच्या छोट्या तुकड्याला ग्रीकमध्ये 'कोमा' म्हणत, म्हणजे कापलेला तुकडा. आपल्या भाषेत कटपीस! हे वाचून मी एकटीच हसले. चिन्हाला आजचं शेपूट फुटलं ते पुढं पंधराव्या शतकाच्या अखेरीस, व्हेनिसच्या आल्डस मॅन्युशियसच्या छापखान्यात. मग लोक मनातल्या मनात वाचायला लागले, श्वासाचं काम संपलं, आणि इंग्रजीनं हळूहळू हे चिन्ह वाक्याच्या बांधणीसाठी राबवलं. सर बरोबरच होते, फक्त जुने होते.

आणि आपण? आजोबांच्या वेळचं शेताचं एक मोडी खरेदीखत घरी आहे. आधी आडवी रेघ, मग तिला अक्षरं लटकवत नेलेली, शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह औषधालाही नाही. तरी जमिनीचा व्यवहार झाला, चतुःसीमा लिहिल्या गेल्या. मराठी गद्यात विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडींना देतात, मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामातले ते. म्हणजे आपल्याकडं स्वल्पविराम हा तसा पाहुणाच, त्याच्यावर घर चालत नाही. मराठीत तो चुकला तर वाक्य जरा कसंतरी दिसतं, एवढंच. ('फाशी नको, सोडून द्या' हा किस्सा शाळेत सगळ्यांनीच ऐकलाय. पण तशी वाक्यं खऱ्या आयुष्यात मी तरी पाहिली नाहीत. खऱ्या चुका कुणाला फासावर देत नाहीत, त्या निमूटपणे कंटेनर थांबवतात.)

मराठीला त्याची गरज का पडत नाही, हे कळलं तेव्हा माझा गुंता सुटला. 'दुसऱ्या लॉटमध्ये रंगवलेले टॉवेल' म्हटलं की झालं. विशेषण नामाच्या आधी बसलं, कुठले टॉवेल ते ठरलं. इंग्रजीत हीच माहिती नामाच्या मागून येते, आणि ती निवड करायला आलीय की नुसती भर घालायला, हे सांगायला दुसरं कुणी नसतं. ते काम स्वल्पविराम करतो. नसेल तर निवड. दोन्ही बाजूंनी असेल तर भर.

मला तीन मावश्या. 'माय मावशी हू लिव्ज इन बाळे' असं मी सलग लिहायचं, म्हणजे तिघींपैकी सोलापुरातल्या बाळे भागात राहणारी. जिला एकच मावशी तिनं 'माय मावशी, हू लिव्ज इन बाळे,' असं दोन स्वल्पविरामांत लिहायचं. मी दिले तर वाचणाऱ्या इंग्रजाच्या हिशेबात माझ्या दोन मावश्या खलास. तसंच 'सोलापुरी चादर, विच हॅज अ जीआय टॅग,' (जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन) हे स्वल्पविरामांसकटच बरोबर, कारण जीआय मिळालेली सोलापुरी चादर वेगळी आणि न मिळालेली वेगळी, असं काही नसतं.

आता मी एकच परीक्षा करते. दोन स्वल्पविरामांमधला मजकूर बोटानं झाकायचा आणि उरलेलं वाचायचं. उरलं ते खरं असेल तर स्वल्पविराम राहू द्यायचे. खोटं झालं तर काढून टाकायचे. माझं ते वाक्य झाकून बघा: 'द टॉवेल्स आर स्लाइटली डार्कर.' सरळ सरळ खोटं. जर्मनीच्या बाईंनी मी लिहिलं होतं तेच वाचलं. आणि झाकायचंय म्हटल्यावर दोन्ही टोकं लागतात. 'अवर फॅक्टरी, लोकेटेड इन सोलापूर इज' असं एकच टोक देऊन सोडलं की ते कंस उघडून न मिटल्यासारखं. आमच्या कंपनीच्या जुन्या माहितीपत्रकात हे सलग अकरा वर्षं छापलं गेलं. मीच लिहिलं होतं.

मराठीतून इंग्रजीत मी सर्वात जास्त काय वाहून नेलं असेल तर 'की' नंतरचा स्वल्पविराम. 'त्यांनी कळवलं की, माल पोचला.' मराठीत हे इतकं हाताला बसलंय की 'वी वुड लाइक टू इन्फॉर्म यू दॅट,' लिहून स्वल्पविराम दिल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. इंग्रजीतल्या त्या 'दॅट'नंतर तो कधीच नको, मधेच काही वेगळं घुसवलेलं नसेल तर. बँकेकडून, क्लिअरिंग एजंटकडून, ट्रान्सपोर्टवाल्याकडून येणारी पत्रं बघा. दहातल्या सात-आठांत हा 'दॅट कॉमा' असतोच. आम्हा सगळ्यांच्या इंग्रजीखाली मराठी अशी दिसते, नव्या रंगाखालून भिंतीवरची जुनी जाहिरात दिसते तशी.

दुसरी वाहून नेलेली गोष्ट: 'माल तयार आहे, सोमवारी पाठवतो.' मराठीत यात वावगं काही नाही. पण 'द गुड्स आर रेडी, वी विल डिस्पॅच ऑन मंडे' हे इंग्रजीत चुकीचं धरतात. दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानं शिवता येत नाहीत. एक तर पूर्णविराम द्या, अर्धविराम द्या, नाहीतर स्वल्पविरामाच्या पुढं 'अँड', 'बट', 'सो' असलं काहीतरी घाला. का, ते मला माझ्या परीनं असं कळलं: मराठीत क्रियापद शेवटी येतं. 'आहे' ऐकलं की वाक्याला ब्रेक लागल्याचं कानालाच कळतं, मग चिन्ह कुठलंही द्या. इंग्रजी वाक्य कुठल्याही शब्दावर संपू शकतं, म्हणून तिथं टाका पक्का लागतो. आणि 'हाउएव्हर'नं फसू नका. तो 'बट'चा भाऊ दिसतो, पण दोन वाक्यं जोडायचा त्याला परवाना नाही. त्याच्या आधी अर्धविराम किंवा पूर्णविराम, नंतर स्वल्पविराम.

धुण्याच्या सूचनांचं लेबल तर मी परवाच बदललं. त्यावर होतं: 'आफ्टर वॉशिंग द टॉवेल्स विल श्रिंक अप टू फाइव्ह पर्सेंट.' वाचणारा आधी 'आफ्टर वॉशिंग द टॉवेल्स' एवढं एका घासात घेतो, टॉवेल धुऊन झाल्यावर, आणि मग अडखळतो: आकसणार कोण? धुणारा? 'वॉशिंग'च्या पुढं एक स्वल्पविराम टाकला आणि गिऱ्हाईक आपल्या मापाचं राहिलं, टॉवेल आकसला. वाक्याच्या सुरुवातीला असा प्रस्तावनेचा तुकडा आला की त्याच्यानंतर स्वल्पविराम द्यावा. 'टुडे', 'इन नोव्हेंबर' असले एक-दोन शब्द असतील तर नाही दिला तरी कुणी पकडत नाही.

यादीतल्या स्वल्पविरामावर जगात भांडणं होतात, ती मला आधी पोट भरलेल्यांची वाटायची. शेवटच्या 'अँड'च्या आधी स्वल्पविराम द्यायचा की नाही? ऑक्सफर्डचं विद्यापीठ मुद्रणालय देतं, म्हणून त्याला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात. बहुतेक इंग्रजी वर्तमानपत्रं देत नाहीत. आपल्याकडं 'आणि'च्या आधी द्यायची पद्धतच नाही. मग एक ऑर्डर आली, नॅपकिनचे रंग: 'रेड, ब्लू, ब्लॅक अँड व्हाइट.' पॅकिंगच्या बायकांनी विचारलं, "काळा वेगळा आणि पांढरा वेगळा, का काळ्या-पांढऱ्या पट्ट्याचा?" चार ढीग का तीन? आमच्याकडं दोन्ही बनतात. विचारून घेतलं म्हणून निभावलं.

अमेरिकेत मात्र विचारून भागलं नाही. मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरी म्हणून दूध कंपनी आहे. तिच्या ड्रायव्हरांनी ओव्हरटाइमसाठी दावा लावला. कुठल्या कामांना ओव्हरटाइम लागू नाही याची कायद्यात यादी होती, आणि तिच्या शेवटी होतं 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. 'ऑर'च्या आधी स्वल्पविराम नव्हता. कंपनी म्हणाली, पॅकिंग हे एक काम आणि डिस्ट्रिब्यूशन, म्हणजे माल पोचवणं, हे दुसरं. ड्रायव्हर म्हणाले, नाही, दोन्हीसाठी करायचं ते पॅकिंग, आणि आम्ही पॅकिंग करतच नाही, आम्ही गाडी चालवतो. २०१७ मध्ये अपील कोर्टानं मजकूर संदिग्ध आहे म्हणत कौल ड्रायव्हरांच्या बाजूनं दिला. २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. गंमत अशी की त्या राज्याच्या कायदे लिहिण्याच्या नियमावलीतच असा शेवटचा स्वल्पविराम देऊ नका असं सांगितलेलं होतं. पुढं त्यांनी कायदा दुरुस्त केला तेव्हा यादीत स्वल्पविराम ठेवलेच नाहीत, सगळीकडं अर्धविराम घातले. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणतात, आणि इथं तर मूळचं प्रकरणच दुधाचं.

मी ही गोष्ट डिस्पॅचच्या मामांना सांगितली. त्यांना स्वल्पविरामाचं काही वाटलं नाही. "ड्रायव्हरला ओव्हरटाइम भेटतंय तिकडं?" एवढंच त्यांनी विचारलं, दोनदा.

विशेषणांचं फार लांबवत नाही. 'सॉफ्ट, ॲब्सॉर्बंट टॉवेल' यात स्वल्पविराम हवा, 'लार्ज ब्लू टॉवेल' यात नको. मधे 'अँड' घालून बघायचं किंवा जागा उलटवायच्या. कानाला खटकलं नाही तर स्वल्पविराम, खटकलं तर नाही. 'ब्लू लार्ज टॉवेल' कुणी म्हणत नाही.

आकड्यांचं मात्र सांगायलाच पाहिजे, कारण तिथं माणूस बेसावध असतो. आपण १२,५०,००० लिहितो. परदेशी बायरला वाटतं, टायपिंग चुकलं, कारण त्याच्याकडं तीन-तीन आकड्यांनी तोडतात. ते एक वेळ परवडलं. जर्मनीत स्वल्पविराम हे दशांशचिन्ह आहे आणि हजार दाखवायला टिंब देतात, आपल्या बरोबर उलट. त्याच ऑर्डरच्या पॅकिंग लिस्टवर मी निव्वळ वजन ५,८८० किलो लिहिलं होतं. बाईंनी विचारलं, हे टनात आहे का? त्यांच्या डोळ्यांना ते पाच पूर्णांक अठ्ठ्याऐंशी दिसत होतं. १२,००० टॉवेल आणि वजन पावणेसहा किलोच्या आसपास! आता मी वजनात चिन्हच देत नाही, ५८८० असं सलग लिहिते. मोडी लिहिणाऱ्या कारकुनासारखं.

मुलगी म्हणते, आई, आता एआयला सांगितलं की तो मेल लिहून देतो, तू कशाला डोकं खातेस. मीही वापरते कधीकधी. इंग्रजी माझ्यापेक्षा गुळगुळीत लिहितो. पण ६४० का १२,००० हे त्याला मीच सांगावं लागतं, आणि त्यानं लिहिलेलं बरोबर आहे का हे बोटानं झाकून मलाच बघावं लागतं.

या महिन्यात त्याच बाईंची पुन्हा ऑर्डर होती. या वेळी ३०० नग बॉर्डर जरा अरुंद असलेले निघाले. मी मेल लिहायला बसले, एक वाक्य चार वेळा झाकलं-उघडलं, शेवटी 'विच' काढून 'दॅट' घातला, आकडा दिला, कार्टन नंबर दिले, स्वल्पविराम एकही नाही, आणि पाठवलं. मामा दारात उभेच होते. वीस मिनिटांनी उत्तर आलं, दोनच शब्दांचं.

"नोटेड थँक्स."

मधे स्वल्पविराम नव्हता. मी काही बोलले नाही. मामांना म्हटलं, भरा गाडी.